न शिवलेले बॅच

आमच्या धंद्यात भाव टाक्यांवर ठरतो. शाळेचं चिन्ह घेऊन गिऱ्हाईक आलं की ते आधी कॉम्प्युटरवर उतरवायचं, टाके किती होतात ते बघायचं, हजार टाक्यांचा दर लावायचा आणि मग विचारायचं, नग किती? उगवता सूर्य पाच हजारांत होतो. मोर आठ हजार. सरस्वती आली की हंस आला, वीणेच्या तारा आल्या. बारा हजारांच्या खाली बात नाही. या उतरवण्याला पंचिंग म्हणतात. चित्राचा कुठला भाग आधी, कुठला नंतर, कुठे साटीन घालायचं, कुठे भरीव टाका, सुई कुठून उठून कुठे बसेल, हे सगळं मशीनला आधी सांगून ठेवायचं. सोलापुरात मी पंचवीस वर्षं हेच करतोय. गणवेशाचं गाव आहे हे. इथून गठ्ठे दूरदूर जातात आणि त्यातल्या काही खिशांवरचं भरतकाम माझ्या बारा हेडच्या मशीनवरून उतरलेलं असतं.

बॅज या शब्दाला आमच्याकडे सगळे बॅच म्हणतात. शिपाई म्हणतो, मुख्याध्यापकही म्हणतात. सुरुवातीला मी दुरुस्त करायचो. पुढे माझ्याच बिलावर 'बॅच ४०० नग' असं छापून आलं तेव्हा सोडून दिलं.

अशा माणसाने आयुष्यातले सगळ्यात कष्टाचे बॅच केले ते एकही टाका न घालता, आणि ज्यांच्यासाठी केले त्यांच्यातल्या एकाचाही चेहरा पाहिलेला नाही. एक पाणमांजर होती, एक अस्वल, दोन कोल्हे, एक ससा आणि बाकी येऊन-जाऊन असलेली पाखरं.

मार्च २०२० मध्ये शाळांना कुलूप लागलं. जूनचा माल आम्ही फेब्रुवारीपासूनच काढत असतो. गठ्ठे बांधून तयार होते, नेणारं कोणी नव्हतं. मशीनवर जुनी चादर टाकली. (सोलापुरात निदान चादरीला तोटा नाही.) मशीन चालवणारे अण्णा घरी बसले, मीही घरी बसून बातम्यांतले आकडे पाठ करायला लागलो. मुलगी पुण्यात अडकलेली. तिने एक दिवस लांबूनच माझ्या पंचिंगच्या कॉम्प्युटरवर सेकंड लाइफ घालून दिलं. म्हणाली, "बाबा, बाहेर जाता येत नाही ना, मग इथे फिरा. पण त्या बातम्या बंद करा."

सेकंड लाइफ म्हणजे २००३ पासून चालू असलेलं एक बनवलेलं जग. त्याला खेळ म्हणता येत नाही. गुण नाहीत, हार-जीत नाही. २५६ मीटर लांब आणि तेवढेच रुंद असे जमिनीचे चौकोन, आणि त्यांच्यावरचं घर, झाड, खुर्ची, अंगातला सदरा, जवळपास सगळं तिथे वावरणाऱ्यांनीच केलेलं. पैसाही तिथलाच, लिंडन डॉलर नावाचा. पहिल्या दिवशी मी समुद्राच्या तळावरून बराच वेळ चालत होतो. तिथे माणूस बुडत नाही हे कळायला तेवढा वेळ गेला.

असाच चालत एका बेटावर वर आलो तर झाडीत तंबू, ध्वजस्तंभ आणि टोपी घातलेली एक पाणमांजर. कोण, कुठला, काय करतोस, असं तिने विचारलं. मी मोडक्या इंग्रजीत टाइप केलं, "मी बॅज करतो." क्षणभर काहीच उत्तर नाही. मग ती एकदम टाळ्या वाजवायला लागली.

ते एक स्काउटचं पथक होतं. मोठी माणसं, अठराच्या वरचीच घ्यायची अशी अटच होती, प्राण्यांची रूपं घेऊन स्काउट-स्काउट खेळत होती. एक कोल्हा म्हणे निवृत्त नर्स, दुसऱ्याने ट्रक चालवण्यात जन्म घालवलेला. खरं-खोटं विचारायचं नाही हा तिथला शिष्टाचार. शनिवारी संध्याकाळी कॅलिफोर्नियाच्या सात वाजता शेकोटी. म्हणजे आमच्याकडे रविवारचे सकाळचे साडेसात. खिडकीबाहेर ऊन चढत असायचं, दूधवाला हाका मारायचा, आणि पडद्यावर मिट्ट काळोखात रातकिडे. बायको पोह्यांची बशी ठेवताना विचारायची, "कोण आलंय आज? कोल्हा का?" नोव्हेंबरात त्यांची घड्याळं तासभर मागे गेली. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्या रविवारी विझलेल्या लाकडांपाशी मी एक तास एकटाच बसून होतो.

पथकाकडे खांद्यावरून तिरका जाणारा छान पट्टा होता, पण लावायला बॅजच नव्हते. कोणीतरी सपाट गोल करून त्यात झाड काढलं होतं तेवढंच. मी म्हटलं, हे माझ्याकडे लागलं.

चित्राचा भाग सोपा जाईल असं मी धरून चाललो होतो. पंचिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये शिवायच्या आधी कापडावर कसं दिसेल त्याचं चित्र दिसतं, दोऱ्याच्या चकाकीसकट. तेच चित्र काढून घ्यायचं आणि तिकडे चढवायचं. केलंही. खरा बॅज दीड इंचाचा. भरीव टाक्यात दोन ओळींमधलं अंतर ०.४ मिलिमीटर, म्हणजे दीड इंचात पंचाण्णव ओळी. चित्र घेतलं होतं २५६ ठिपक्यांचं. एका ओळीच्या वाट्याला तीन ठिपकेसुद्धा येत नव्हते. पट्ट्यावर बॅज लावला आणि लांब गेलो, तर पूर्वी टीव्हीवर केंद्र गेल्यावर मुंग्या दिसायच्या तसं. मग ओळींमधलं अंतर तिप्पट केलं, दोरा पोतं शिवायच्या सुतळीएवढा जाड केला. असा बॅच खऱ्या गिऱ्हाइकाला दिला असता तर त्याने तोंडावर फेकला असता, दोऱ्यांमधून खालचं कापड दिसतंय म्हणून. तिथे मात्र नर्स कोल्हा म्हणाली, यावरून बोट फिरवून बघावंसं वाटतं.

मग कडेची पांढरी झालर. गोल बॅजच्या बाहेरचा भाग पारदर्शक केला होता, तरी काठाला बारीक पांढरं काहीतरी चिकटून राहायचं, हॉटेलातल्या न पुसलेल्या कपाच्या काठासारखं. दोन दिवस डोकं खाल्लं त्याने. पारदर्शक म्हणजे रंग नाहीच, अशी माझी समजूत. रंग असतो. दिसत नाही, पण खाली असतोच, आणि लांबून बघताना चित्र लहान होतं तेव्हा काठाच्या ठिपक्यांत मिसळतो. माझ्याकडे खाली पांढरा राहिला होता. काठाचाच हिरवा रंग बाहेर पार चारही कोपऱ्यांपर्यंत ओतला आणि झालर गेली. मग मला हसू आलं, कारण हे मला आधीच ठाऊक असायला हवं होतं. टाका कापडाला आत ओढतो म्हणून आम्ही आकार नेहमी काठापलीकडे थोडा वाढवून घेतो. नाही वाढवला तर फट दिसते. तीच गोष्ट. फक्त प्रत्येक चुकीला दहा लिंडन डॉलर, चित्र चढवण्याचं शुल्क. आपले तीनेक रुपये. फार नाही, पण चुकीची पावती मिळते.

पहिला बॅज होता नावेचा. तिथे एका चौकोनातून दुसऱ्यात जाताना एक यंत्र तुम्हाला सोडतं आणि दुसरं हातात घेतं. तुम्ही, नाव, नावेतला सोबती, दोघांच्या टोप्या आणि पाठीवरची दप्तरं, सगळं एका क्षणात. आमच्या गल्लीतलं नेट असं की मी पलीकडे पोचायचो आणि नाव अलीकडे राहायची. किंवा नाव पुढे, आणि मी तिच्या बुडाखाली बसलेल्या अवस्थेत, पाय पसरून. पाणमांजरीने सुचवलं, एका नावेतून दोघांनी बारा सीमा ओलांडायच्या. जो पडेल त्याच्यासाठी दुसऱ्याने थांबायचं. पडण्याची मोजणी नाही, थांबण्याची आहे. मला हे फार आवडलं. मी म्हटलं, याला आमच्याकडे शब्द आहे, सीमोल्लंघन. त्यांच्या जिभेला तो झेपला नाही, पण नाव तेच ठेवलं, आणि मी बॅजवर आपट्याचं पान काढलं. दसऱ्याला सीमा ओलांडायची, परत येऊन ही पानं सोनं म्हणून एकमेकांना द्यायची, हे सगळं टाइप करून सांगायला अर्धा तास गेला. सगळ्यांनी माना डोलावल्या. नंतर कळलं की निम्म्या पथकाला ते फुलपाखरू वाटत होतं आणि ट्रकवाल्याला उंटाचा खूर. पान नीट बघितलंत तर त्याचंही फारसं चुकलं नव्हतं.

आता घोळ. तिथे वस्तू देताना पुढच्या मालकासाठी तीन खुणा असतात. त्याला ती बदलता येईल का, तिच्या नकला काढता येतील का, दुसऱ्याला देता येईल का. नक्कल आणि देणं यांपैकी एक तरी चालू ठेवावंच लागतं. बॅजला नक्कल चालेल, हरवला तर दुसरा लावेल बिचारा; देणं मात्र बंद हवं. मी घाईत दोन्ही चालू ठेवलं. पुढच्या रविवारी शेकोटीला गेलो तर सीमोल्लंघन पूर्ण केलेले तिघे, आणि बॅज लावलेले एकोणीस.

माझा पारा चढला. पंचवीस वर्षांत माझ्या मशीनवरचा माल कोणी असा ढापला नव्हता. विचारलं, हे कुणाचं काम? ससा लगेच पुढे आला, "माझं." पहिला बॅज त्यालाच मिळाला होता. त्याने शेकोटीला आलेल्या प्रत्येकाला एकेक वाटला होता. का? तर म्हणाला, "तूच सांगितलंस ना, हे पान सगळ्यांना वाटायचं असतं."

यावर काय बोलणार? वाटलेलं परत घेता येत नाही. मी लाल काठाचा नवा बॅज केला, देण्याची खूण काढून टाकली, आणि तिघांना तो दिला. हिरव्या काठाचे अजूनही काहींच्या पट्ट्यावर आहेत. त्याला पथकात आता 'दसऱ्याचा' म्हणतात आणि नव्याने आलेल्याला तो पहिल्या दिवशी देतात. सशाचंच खरं झालं म्हणायचं.

पण तेव्हापासून मी उलट्या बाजूने काम करायला लागलो. आधी अट, मग चित्र. धंद्यात मला अटीशी कधी देणं-घेणं नव्हतं. एका शाळेने एकदा 'आदर्श विद्यार्थी' असे चारशे बॅच मागवले होते. शाळेचा पट किती, असं मी सहज विचारलं, तर चारशेच. मी टाके मोजले, दर सांगितला, माल दिला. लहानपणी आम्ही स्वतः स्काउटमध्ये होतो तेव्हाही काही वेगळं नव्हतं. गळ्यात स्कार्फ, डाव्या हाताने हस्तांदोलन, आणि वर्षातून एकदा खरी कमाई. खरी कमाईला मी चार सायकली पुसल्या आणि दोन रुपये मिळवले, त्याची आठवण अजून आहे. प्रावीण्य बॅजची मात्र नाही, कारण तपासणी आली की सर सगळ्या वर्गाला एका सहीत पास करायचे.

म्हणून मी थोडं वाचायला लागलो. ऑगस्ट १९०७ मध्ये स्काउटचे जनक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं पहिलं शिबिर घेतलं. तिथेच पितळी बिल्ले होते. आल्या आल्या एक, आणि गाठी, माग काढणं, राष्ट्रध्वजाची माहिती यांची परीक्षा दिली की 'तयार राहा' असं लिहिलेला दुसरा. पुढे अमेरिकेतल्या बॉय स्काउट्सनी १९११ च्या पुस्तकात सत्तावन्न विषयांची यादी दिली. सुरुवातीचे त्यांचे बॅज चौकोनी कापडावर भरलेले असत. कडा मुलांनी स्वतः दुमडून शिवायच्या. यादीतला मला सगळ्यात भावला तो 'शोध' नावाचा बॅज. त्याची अट अशी की उपयोगाची वस्तू शोधून तिचं पेटंट घ्यायचं. पेटंट! काही वर्षांत जेमतेम दहा जणांना मिळाला आणि मग तो बंदच केला. ज्याने तो भरला असेल, माझ्यासारखाच कोणी, त्याला दहा नगांच्या ऑर्डरचा काय राग आला असेल.

चांगली अट लिहिणं पंचिंगपेक्षा अवघड निघालं. 'गप्प बसण्याचा' बॅज करू असं अस्वलाने सुचवलं. एक तास शेकोटीला बसायचं, दुसऱ्याच्या गोष्टी ऐकायच्या, अवाक्षर टाइप करायचं नाही. सगळ्यांना कल्पना पसंत. मी चित्रही काढलं, मिटलेली चोच. मग लक्षात आलं की गप्प बसलेला आणि उठून भाजी निवडायला गेलेला, दोघे पडद्यावर सारखेच दिसतात. बराच वेळ हालचाल नसेल तर मान खाली टाकलेली दिसते, पण मधूनच एक कळ दाबली की मान वर. म्हणजे भाजी निवडता निवडता बॅज मिळवता येत होता. अट बदलली: तासभर गप्प बसायचं, आणि पुढच्या रविवारी दुसऱ्या कोणाची तरी गोष्ट त्याला मान्य होईल अशी सांगून दाखवायची. या अटीवर पहिले दोन महिने एकही बॅज गेला नाही. सगळे जण दुसऱ्याच्या गोष्टीत स्वतःचं काहीतरी घालायचे, आणि ती ज्याची गोष्ट तो म्हणायचा, "असं नव्हतं ते." मी स्वतः तिसऱ्यांदा नापास झालो तेव्हा नाद सोडला.

काही बॅज नुसतेच गमतीचे होते, ते भराभर झाले. चार हजार मीटर उंचीवरून उडी टाकून तराफ्यावर पडायचं. कॉम्प्युटर संथ असला की माणसाच्या जागी नुसता ढग दिसतो. अशा ढगाच्या अवस्थेत ध्वजवंदन पार पाडायचं. खिडकीतून दिसणाऱ्या खऱ्या सात पक्ष्यांची नावं सांगायची. यात माझा भारद्वाज त्यांच्या सगळ्या पाखरांना भारी पडला.

आणि गाठ. गाठीशिवाय कसलं स्काउट, असं पाणमांजर सुरुवातीपासून म्हणत होती. पण त्या जगात दोरीच नाही. म्हणजे दोरीसारखं दिसणारं वाकडं नळकांडं असतं, त्याची गाठ मारता येत नाही. गाठीचा आकार करून ठेवता येतो फक्त. बरेच रविवार यावर वाद झाला. शेवटी असं ठरलं की गाठ आपापल्या घरी, खऱ्या दोरीची मारायची, आणि शिकवायची मात्र शब्दांत. चित्र नाही, कॅमेरा नाही. एकाने टाइप करून सांगायचं, दुसऱ्याने त्याच्या खोलीत बसून ऐकत ऐकत मारायची. बॅज दोघांना मिळून.

गाठ निवडली शीट बेंड. एक जाड आणि एक बारीक दोरी जोडायची गाठ. जाडीचा वेढा करून डाव्या हातात धरायचा. बारीक दोरीचं टोक वेढ्यातून खालून वर काढायचं, वेढ्याच्या दोन्ही पदरांच्या मागून फिरवून आणायचं, आणि आपल्याच अंगाखाली खोचायचं. वाचायला पाच सेकंद लागतात. पण 'खालून', 'मागून', 'आपल्याच' हे शब्द समोर माणूस नसताना किती पोकळ असतात ते तेव्हा कळलं. एकाचं खाली दुसऱ्याचं वर.

मी सांगणारा, अस्वल मारणारं. त्याच्याकडे बागेतली नळी आणि बुटाची नाडी. मी माझ्या टेबलावर चादरीच्या गठ्ठ्याची सुतळी आणि एक दोरा घेऊन बसलो होतो. एकेक पायरी टाइप करायचो, मग थांबायचो. पडद्यावर अस्वल शेकोटीपाशी निवांत बसलेलं, पंजे मांडीवर. त्याचे खरे हात कुठल्या तरी देशातल्या कुठल्या तरी स्वयंपाकघरात नाडीशी झोंबत होते. बाकीचे गप्प. मिटल्या चोचीचा बॅज तेव्हा सगळ्यांना द्यायला हवा होता.

वीस मिनिटांनी त्याने लिहिलं, "झाली. ओढली. धरते."

टाळ्या पडल्या. पाणमांजर बॅज द्यायला उठली. मी तो आधीच करून ठेवला होता: निळ्यावर पांढरा वेढा आणि त्यातून जाणारा तांबडा दोरा. तेवढ्यात अस्वलाने पुन्हा लिहिलं, "थांबा. दोन्ही मोकळी टोकं कुठल्या बाजूला यायला हवीत?"

मी म्हटलं, एकाच बाजूला.

"माझी समोरासमोर आलीत."

टोकं विरुद्ध बाजूंना आली तरी गाठ दिसते तशीच, थोडा वेळ धरतेही. पण ती कमी भरवशाची. ताण आला की निसटू शकते. हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. कोणाला दिसणारही नव्हतं, ना मला, ना पाणमांजरीला. आतापर्यंत मी सगळ्या अटी दुसऱ्याला दिसेल, मोजता येईल अशा लिहीत आलो होतो. पडणं, थांबणं, गोष्ट सांगणं. न दिसणाऱ्या गोष्टीला बॅज द्यायचा नाही, असा माझा नियमच झाला होता. आणि इथे हा स्वतःच सांगत होता की माझी टोकं चुकली.

पाणमांजर खाली बसली. "पुढच्या रविवारी," एवढंच लिहिलं तिने. पुढच्या रविवारी अस्वल आलं नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. तिसऱ्या रविवारी आलं तेव्हा आल्या आल्या म्हणालं, बुटाची नाडी तुटली, पण गाठ शाबूत आहे. मग बॅज दिला. माझ्यासाठीचा मी लावला नाही. लाल काठाचा नाही, चोचीचा नाही, हाही नाही. करणाऱ्याचा पट्टा कोरा असावा असं आपलं मला वाटतं. बायको म्हणते, हे सगळं नापास झाल्यावर सुचलेलं आहे.

शाळा पुन्हा भरल्या, ऑर्डरी आल्या, मशीनवरची चादर निघाली. रविवार हळूहळू धंद्याने खाल्ले. अजून जातो मी शेकोटीला, पण महिन्यातून एकदा.

एका दुपारी शाळेच्या निळ्या कापडाचा तुकडा उरला होता, फ्रेम लावलेलीच होती. मी ती गाठ खऱ्या पंचिंगमध्ये उतरवली. ओळींमधलं अंतर परत ०.४ वर आणलं, सुतळी गेली, दोरा दोऱ्यासारखा झाला. सहा हजार आठशे टाके. एकच नग. अण्णांनी तो फ्रेममधून काढला, मागचा कागद फाडला, उलटा-सुलटा करून बघितला.

"मालक, हा कुठल्या शाळेचा?"

"शाळेचा नाही. ही गाठ मारता येते त्याला द्यायचा आहे."

अण्णा माझ्याकडे येण्याआधी वीस वर्षं पॉवरलूमवर होते. त्यांनी बॅचकडे पुन्हा एकदा बघितलं, मशीनखाली पडलेले दोन दोरे उचलले, एक लाल, एक पांढरा, आणि अंगठा-तर्जनीत काहीतरी झालं. काय झालं ते मला दिसलं नाही. ताणा तुटला की विणकर जी गाठ मारतो ती हीच, शीट बेंडचीच घडण. मागावर ती वाऱ्यासारखी मारावी लागते, नाहीतर माग थांबून राहतो. मी वीस मिनिटं टाइप करून जे सांगितलं होतं ते अण्णांनी मशीनचा आवाज ऐकत ऐकत केलं. दोन्ही टोकं नखाने तोडली आणि दोरा माझ्या हातात दिला. टोकं कुठल्या बाजूला आहेत ते बघायला मी भिंग काढलं, तर बघण्यासारखं काही शिल्लकच नव्हतं. ओढून बघितला. लाल दोरा तुटला, गाठीपासून चार बोटं लांब.

"घ्या," मी म्हटलं, "तुमचा झाला."

अण्णांनी बॅच शर्टाच्या खिशात टाकला. "नातीच्या दप्तराला लावतो," म्हणाले, "तिला असलं काही आवडतं."

मी तोंड उघडलं होतं. पण कापडाच्या बॅचला देण्याची ती खूण काढायची सोय नसते. अण्णा तोवर पुढच्या फ्रेमला कापड लावायला लागले होते.